फुटक्या घंटेसाठी गोव्याला

गोव्याला जाऊन समुद्रात पाय न बुडवता परत आलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात मी एकटाच असेन. शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत हे कुणाला पटत नाही. तीन दिवस गोव्यात आणि बीच न्हाय, मग केलासा तरी काय मिस्त्री, असं जो तो विचारतो. देवळाच्या कामासाठी चर्च बघायला गेलतो म्हटलं की बायकोकडे बघून हसतात. ती तर बरोबरच होती, पण तिचाही समुद्र राहिला. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतो.

माझी छोटी फौंड्री आहे. पंपाचे भाग, व्हॉल्व्ह, पितळी बुश असली कास्टिंगं ओतण्यात चाळीस वर्षं गेली. मूळ गाव आजऱ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. गावाच्या देवीच्या देवळात एक घंटा आहे, अडीच फूट उंचीची, काशाची. तिच्यावर क्रूस आहे आणि बाळ कडेवर घेतलेली मेरी आहे. पोर्तुगीजांशी लढाया झाल्या त्या काळात कुणी सरदाराने वसईहून नाहीतर गोव्याहून ती बैलगाडीवर घालून आणली, एवढंच गावाला माहीत. मेरीला गाव देवीची बहीण समजतं आणि दर मंगळवारी तिला हळदीकुंकू लावतं. तिच्या अंगावर कुंकवाचा थर बसलाय.

दोन वर्षांपूर्वी देवळाचा जीर्णोद्धार झाला. नवा स्लॅब पडला, फरश्या बसल्या, आणि त्यानंतर घंटेचा आवाज गेला. टोल मारला की नुसतं थड. गावाने मला बोलावलं. मी गेलो, हातोडीने तीन ठिकाणी ठोकलं आणि चारचौघांत सांगून टाकलं की फुटलीय, आता वितळवून नवी ओतायची. देवस्थान कमिटीचे अण्णा पाटील, वय पंच्याहत्तरच्या पुढे, त्यांनी तिथल्या तिथे काम मलाच दिलं. रविवारी सकाळी गॅस कटरवाला येणार, घंटा कापून खाली घेणार आणि माझ्याकडे पाठवणार, असं ठरलं.

आता यात माझं काय अडकलं होतं तेही सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्या आजोबांचं नाव ज्ञानू. तरुणपणी देवळाच्या मांडवाला लाकडं वाहून आणताना त्यांनी एकदा या घंटेला हात लावला. आमच्या लोकांनी पायरीसुद्धा चढायची नव्हती त्या काळात. अण्णांच्या आजोबांनी त्यांना देवळापुढे चाबकाने फोडून काढलं. पुढे छप्पन साली आमच्या घराने बौद्ध धम्म घेतला आणि देवळाचा विषयच संपला. पण आजोबांच्या पाठीवरचे वण मी लहानपणी बघितलेत. त्यामुळे नवी घंटा ओतायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा त्याच रात्री साच्यात उमटवायला सागवानी फळीवर मी अक्षरं कोरायला घेतली. घंटेच्या कडेला, आतल्या बाजूने, बारीक अक्षरात ज्ञानू. कुणाला विचारणार नव्हतो. एकदा ओतलं की ओतलं.

घंटा मात्र मी जन्मात ओतली नव्हती. पंप ओतणं वेगळं आणि आवाज ओतणं वेगळं. त्या काळची चांगली घंटा बघावी, जाडी मोजावी, आवाज कानात भरून घ्यावा, यासाठी गोवा. सुमनला, म्हणजे बायकोला, म्हटलं चल. तिने समुद्रासाठी नवी चप्पल घेतली.

गुरुवार, घाट उतरताना

आजऱ्यात थांबून काजू घेतले आणि दोन किलो घनसाळ तांदूळ. परमुलखात मोकळ्या हाताने कुणाच्या दारात जाऊ नये, हे सुमनचं म्हणणं. आंबोलीच्या धुक्यात समोरचा ट्रक दिसेना. गाडी कडेला घेतली तर नेमकी भजीच्या टपरीपुढे थांबली, त्यामुळे तासभर तिथेच गेला. भजी उत्तम होती, त्याची तक्रार नाही.

सावंतवाडी सोडल्यावर माडांची गर्दी सुरू झाली आणि घरांचं रूप पालटलं. लाल चिऱ्याची घरं, पुढे बसायला सोपा, आणि कुठल्याच घराला घाई नाही. आमच्याकडे माणूस रस्त्याने चालला तरी भांडायला निघाल्यासारखा चालतो. इथे दुकानदाराला हाक मारली तर तो आधी हातातला पेपर संपवतो. पहिल्या दिवशी मला त्याचा राग आला आणि तिसऱ्या दिवशी हेवा वाटला.

रात्रीच्या जेवणात माशाची आमटी आली. चव अशी की मी भातावर भात मागत राहिलो. तिखट मात्र नावाला. मी आपला वाढणाऱ्या बाईंना म्हटलं, जरा झणझणीत असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, मिरची आमच्याच बंदरावर पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरली, तुमच्याकडे मागाहून आली. तांबड्या रश्श्याच्या गावचा मी, आणखी एक वाटी आमटी मागितली.

शुक्रवार, जुनं गोवं

मांडवीच्या काठाला जुनं गोवं आहे. एकेकाळी इथे शहर होतं, युरोपातल्या मोठ्या शहरांशी बरोबरी सांगणारं. रोगराईने माणसं मेली, उरलेली निघून गेली, आणि चर्चं तेवढी उभी राहिली. पहिल्या चर्चमध्ये शिरलो आणि खरं सांगतो, माझी मान वर झाली ती खाली येईना. सोन्याचा मुलामा दिलेली लाकडी वेदी छतापर्यंत गेलेली. वेलबुट्टी, देवदूत, द्राक्षांचे घोस. नीट बघितलं तर देवदूतांचे गाल आपल्याकडच्या पोरांसारखे गुबगुबीत. कोरणारे हात इथलेच होते, हे माझ्यासारख्या कारागिराला कुणी सांगावं लागत नाही.

इथे एक घोटाळा झाला. सवयीने मी दारात कोल्हापुरी काढून ठेवली आणि अनवाणी आत गेलो. बाकी सगळे पायताण घालूनच आत. बाहेर येतो तर एक पाय जाग्यावर आणि दुसरा घेऊन कुत्रं पसार. सुमन पोट धरधरून हसली. उरलेला दिवस मी तिच्या नव्या चपलेत, टाचा बाहेर काढून, जुनं गोवं फिरलो.

तिथल्या सगळ्यात मोठ्या चर्चच्या मनोऱ्यात एक घंटा आहे, तिला सोन्याची घंटा म्हणतात. ती गोव्यातच, कुंकळ्ळी गावात ओतली, असं तिथे भेटलेल्या एका वाटाड्याने सांगितलं तेव्हा माझी छाती फुगली. परदेशातून आणलेली नव्हे, इथल्या ओतणाऱ्यांनी इथल्या मातीत साचा करून ओतलेली. सुदैवाने ती वाजतानाच आम्ही खाली होतो. आवाज आला आणि माझ्या अंगावर काटा आला. किती वेळ तो हवेत राहिला. मी मनातल्या मनात त्या मिस्त्रीला हात जोडले.

मग त्याच वाटाड्याने पुढचं सांगितलं. धर्माच्या चौकशीचं न्यायालय इथेच होतं. बाटून ख्रिस्ती झालेल्यांपैकी कुणी घरात चोरून तुळशीला पाणी घातलं, सोवळ्याचा भात शिजवला, की त्याची चौकशी. शिक्षा झालेल्यांची मिरवणूक निघायची तेव्हा हीच घंटा वाजायची, आणि काहींना जाळायचे. ऐकून मी तापलो. असला धर्म काय कामाचा, ज्याला तुरुंग लागतो, असं जरा मोठ्यानेच बोललो. चार लोक वळून बघायला लागले तेव्हा सुमनने दंडाला चिमटा काढला. राग धरला खरा, पण घंटेवर मला राग धरता येईना. तिचा आवाज अजून कानात होता आणि तो चांगलाच होता.

जाडी मोजायला मनोऱ्यावर सोडा म्हटलं तर सोडेनात. पण पहारेकरी बरा माणूस निघाला. म्हणाला, फेरीबोटीने पलीकडच्या बेटावर जा, तिथे लहान चर्च आहे, घंटा वाजवणारे मिंगेल म्हणून म्हातारे आहेत, ते कुणाला नाही म्हणत नाहीत.

शनिवार, बेटावर

फेरीबोटीत गाड्या, सायकली, माशाच्या टोपल्या सगळं एकत्र. दहा मिनिटांत पलीकडे. बेटावर दोन्हीकडे भातखाचरं आणि मधून एक रस्ता. या बेटावर जुनं शिवाचं देऊळ होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं, आणि लोकांनी देव लपवून नदीपलीकडे नेले. माणसं मात्र सगळी पलीकडे जाऊ शकली नाहीत. शेती इथेच होती.

मिंगेलकाका सत्तरीचे, सडपातळ, पायात रबरी स्लिपर. मी कोकणीचा प्रयत्न केला, त्यांनी मराठीचा केला, आणि मधे कुठेतरी आमचं जमलं. त्यांनी आधी माझ्या पायाकडे बघितलं आणि न बोलता घरातून एक स्लिपरचा जोड आणून दिला. मग जेवायलाच बसवलं. काजू चाखून म्हणाले, वाईट नाहीत, पण गोव्याचे बरे. घनसाळ तांदळाचा वास मात्र त्यांनी डोळे मिटून घेतला. त्यांच्याकडे भात तयार झाला की पहिली कणसं चर्चमध्ये नेतात, पाद्री आशीर्वाद देतात, मग ती घरातल्या देव्हाऱ्यापाशी लावतात. आमच्या गावात तेच दसऱ्याला देवीपुढे करतात. मी हे सांगितलं तर म्हणाले, भात तोच ना, मग रीत कशी बदलेल.

घंटेचा फोटो दाखवायला मी कचरत होतो. मेरीच्या तोंडावर हळदीकुंकवाचा लेप, माणूस चिडला तर? शिवाय ती कुठल्यातरी चर्चमधून उचलून आणलेली, लूटच म्हणा की. त्यांनी चष्मा लावला, मोबाईल दूर धरून बराच वेळ बघितलं.

“बरी दिसता,” ते म्हणाले. “लोक तिका विसरूंक ना.”

मी सुटलो. मग मोकळेपणाने बोललो. आमच्या आजोबांनी धर्म स्वतःहून बदलला, कुणी मानेवर सुरी ठेवली नव्हती, उलट मान ताठ करायलाच बदलला, असं सांगितलं. ते म्हणाले, आमच्या वाडवडलांना कुणी विचारलंच नाही. पण आता किती पिढ्या झाल्या, हा देव माझा आहे, मला तो कुणी जबरदस्तीने दिलेला नाही, आईने दिला. मी विचारलं, धर्म बदलल्यावर जात गेली का? ते हसले आणि नाही म्हणून मान हलवली. लग्न ठरवताना अजून विचारतात म्हणे. एवढं खरं बोलणारा माणूस मला लगेच आवडला.

मनोऱ्याचा जिना अरुंद, चुन्याने पांढरा केलेला. वर आमच्या घंटेएवढीच घंटा, जाड तुळईला लोखंडी पट्ट्यांनी मोकळी टांगलेली. मी जाडी मोजायचा कॅलिपर काढला. ओठाशी जाड, मग कमरेत बारीक, खांद्याशी पुन्हा भरलेली. कुठे एक टाचणीएवढं भोक नाही. आज माझ्याकडे भट्टीचं तापमान दाखवणारं यंत्र आहे तरी दहातला एक माल परत येतो. त्या माणसाने चिखल, शेण आणि मेणावर हे केलं होतं. मी सुमनला तेच तेच सांगत राहिलो, ती हो हो म्हणत राहिली.

काकांनी लाकडी हातोडी माझ्या हातात दिली. मी मारली. आवाज नदीपर्यंत गेला असेल. मग त्यांनी विचारलं, तुमची कशी वाजते? मी म्हटलं, थड वाजते, फुटलीय. ते पुढे झाले, दोन्ही हातांनी घंटेला मिठी मारली, छाती टेकवली आणि मला मारायची खूण केली.

मी मारली. थड.

तोच आवाज. अगदी तोच. त्यांनी हात काढले, मी पुन्हा मारली, घंटा पुन्हा नदीपर्यंत गेली. “कळ्ळें?” त्यांनी विचारलं.

मला कळलं. मी तिथेच पायरीवर बसलो. जीर्णोद्धाराच्या वेळी घंटा चोरीला जाऊ नये म्हणून गावाने ती खांद्यापर्यंत नव्या स्लॅबच्या काँक्रीटमध्ये पक्की करून टाकली होती. वरून पट्ट्या वेल्ड केल्या होत्या. मी स्वतः ते बघितलं होतं, आणि काम मजबूत केलंय म्हणून शाबासकीही दिली होती. कास्टिंग ठोकून तपासायचं तर आधी टांगायचं, कशाला टेकलेलं असेल तर ते बोलत नाही, हे मी फौंड्रीत नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो. चाळीस वर्षं शिकवतोय. आणि त्या दिवशी विसरलो. विसरलो कसला, मला ती फुटलेलीच हवी होती.

परतीची फेरीबोट

बोटीत मी सुमनला सगळं सांगितलं. मग हळूच म्हटलं, हे आपल्या दोघांना आणि मिंगेलकाकांनाच माहीत आहे. घंटा उद्या कापली, वितळवली, तर कुणाला कळणार? नवी मी चांगलीच ओतणार. आणि तिच्यात आजोबांचं नाव राहील, दोनशे-तीनशे वर्षं राहील. ज्या घंटेला हात लावला म्हणून मारलं तिच्यातच.

सुमन पाण्याकडे बघत होती. मला वाटलं समुद्र राहिला म्हणून रुसली.

“तुमच्या आजोबांनी हात लावला तो खरा होता,” ती म्हणाली. “त्यांचं नाव खोट्यावर ओतणार व्हय?”

बोट काठाला लागली. गाडीत बसलो आणि अण्णांना फोन लावला. मी येईपर्यंत घंटेला कटर लावू नका, एवढंच सांगितलं. का ते सांगायचा धीर फोनवर झाला नाही. समुद्राचा फाटा डावीकडे होता, सुमनने तिकडे बघितलंसुद्धा नाही. समुद्रासाठी घेतलेली तिची चप्पल मागच्या सीटवर पडली होती.

रविवार, गाव

सकाळी देवळापुढे पन्नासेक माणसं जमली होती. कटरवाला सिलिंडर घेऊन तयार. मी पायऱ्या चढलो. म्हटलं, घंटा फुटलेली नाही. काँक्रीटने तिला आवळून धरलंय. मी न टांगता ठोकली आणि फुटली म्हणून सांगितलं. चूक माझी. मला नवी ओतायची हाव सुटली होती, म्हणून मी नीट बघितलं नाही.

मागून एकजण कुजबुजला की मिस्त्रीला जमंना वाटतं ओतायला. मला ते लागलं, पण ऐकून घेतलं. अण्णा एका खांबाला टेकून उभे होते. त्यांनी नुसतं गर्दीतल्या गवंड्याला बोट दाखवून सांगितलं, काँक्रीट फोड.

दुपारपर्यंत काँक्रीट निघालं. तो सगळा वेळ मी घामाने भिजलो, कारण खरोखरच कुठे तडा निघाला तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. फौंड्रीतून मागवलेली चेन पुली तुळईला अडकवली, घंटा तिच्यावर मोकळी टांगली. मेरीवरचं कुंकू कुणी पुसू दिलं नाही. अण्णा म्हणाले, मिस्त्री, तुम्हीच मारा. मी लाकडी हातोडी उचलली आणि मारली.

कशी वाजली म्हणून सांगू. आवाज डोंगरापर्यंत जाऊन परत आला. म्हाताऱ्या बायका घराबाहेर आल्या. आमच्या बौद्धवाड्यातली माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली. माझे डोळे भरले आणि मी ते लपवले नाहीत. आजोबांचं नाव तिच्यावर येणार नव्हतं, हे त्याच क्षणी मला नीट समजलं, आणि वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

अण्णा काठी टेकत पुढे आले. सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचा आवाज एरवी चावडीपर्यंत जातो, त्या दिवशी पुढच्या रांगेलाच ऐकू आला.

“मिस्त्रीनं चार दिसात आपली चूक गावापुढं कबूल केली,” ते म्हणाले. “ज्ञानूला ह्याच पायरीवर माझ्या आज्यानं मारलं. कशापायी, तर ह्या घंटेला हात लावला म्हणून. आमच्या घरात हे समद्यांस्नी ठावं हाय. माझा आजा बोलला न्हाय, बा बोलला न्हाय, आन् पंच्याहत्तर वर्सं मीबी बोललो न्हाय. आज बोलतो. आमचं चुकलं.”

घंटा अजून गुणगुणत होती. ती पूर्ण थांबेपर्यंत कुणी हललं नाही.